परसदारातली पत्रं: मार्गशीर्षात सुरंगी, दिवाळीत अनंत

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आज एकत्र घेऊन बसले तर निम्म्याहून जास्त एकच विषय, झाड भलत्याच वेळी फुललं. बऱ्याच जणांनी फोटो पाठवलेत, दोघांनी तर फुलाशेजारी त्या दिवशीचा पेपर धरलाय, मी विश्वास ठेवावा म्हणून. अहो विश्वास आहेच, कारण माझ्या स्वतःच्या दारातला अनंत दिवाळीत फुलला. आमच्याकडे अनंत म्हणजे मे संपता संपता, पहिल्या सरीच्या आगेमागे, माळ्यावरच्या आंब्याच्या अढीचा वास आणि अनंताचा वास एकाच वेळी घरात. पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात पणती ठेवायला वाकले आणि तो वास आला, तशीच थांबले क्षणभर. आनंद झाला हे खरं, पण पोटात गोळा पण आला.

आज सगळी पत्रं याच विषयाची घेते. आधी एवढं सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कधी फुलायचं हे झाड तीन-चार खुणांवरून ठरवतं: रात्र किती लांब झाली, थंडी किती पडली, मुळाशी किती दिवस कोरडं राहिलं, आणि कोरडं राहिल्यावर पाणी कधी आलं. कुणाला थंडी हवी, कुणाला ताण, म्हणजे मुळाशी काही दिवस कोरडं, कुणाला फक्त लांब रात्र. कोकणात या खुणा ठरल्या ओळीने यायच्या, दसऱ्याच्या सुमाराला पाऊस आवरायचा, मग ऑक्टोबर हीट, मग पहाटेचं धुकं आणि थंडी. रात्रीची लांबी आजही तीच आहे, पण बाकी सगळी ओळ पुढेमागे झालीये. म्हणून झाड येडं झालं का हे विचारू नका, त्याने कुठली खूण ऐकली ते शोधूया.

एक आजी, नेरूर, ता. कुडाळ
*बाय, आमच्या परड्यात सुरंगीचा झाड आसा. माझ्या सासऱ्यांनी लावलेला. दरवर्षी शिमग्याच्या आधी फुलता. औंदा मार्गशीर्षातच कळे इले, मग थोडे थोडे करून फुलत ऱ्हवले, एकदम बहर काय इलोच नाय. वळेसार (गजरे) करूक पण फुलां पुरणत नाय. कोण म्हणता झाडाक दोष लागलो, तोडून टाका. काय करूचा?*

आजी, झाडाक कुऱ्हाड लावू नका, दोष बीष काय लागूक नाय. बाकीच्या वाचकांसाठी पुढचं साध्या मराठीत लिहिते.

ज्यांनी सुरंगी पाहिली नाही त्यांना सांगते, ही कळी फांदीच्या टोकाला येत नाही, पानं गळून गेलेल्या जुन्या लाकडावरच येते, फांदीच्या सालीला मोत्यांचे घोस चिकटवावेत तशी. काढायची पहाटे, उजाडायच्या आत, कारण ऊन वर आलं की कळी फुटते, आतले पिवळे केसर बाहेर पडतात आणि मधमाश्या अशा तुटून पडतात की झाडाखाली उभं राहिलं तर वर इंजिन चालू असल्यासारखं घुमत असतं. वेंगुर्ला तालुक्यातल्या आसोलीच्या बायका वर्षानुवर्षं या दीड-दोन महिन्यांच्या बहरावर घरखर्चाला हातभार लावत आल्यात, ताज्या कळ्यांचे वळेसार विकायचे आणि उरलेली कळी वाळवून अत्तरवाल्यांसाठी जाते. फूल तेवढंच आलं पण तीन महिन्यांत वाटून आलं तर त्यांचं काय होतं बघा, रोज पहाटे उठून कुणीतरी झाडावर चढायचं आणि ओंजळभर कळी घेऊन उतरायचं. मजुरी सुटत नाही. आणि एखाद्या दिवशी अवकाळी सर पडली की फांदीवरच्या कळ्या काळ्या पडून गळतात, तो दिवस फुकट.

आजी, तुमच्या झाडाचं मला जे वाटतं ते असं. पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला, जमीन एकदम कोरडी पडलीच नाही, मध्येच आठ-दहा दिवस ऊन, परत सर. जो भाग कोरडा झाला, उन्हाकडे होता, त्या फांद्यांनी आधी कळी धरली, सावलीकडच्या फांद्या मागे राहिल्या. म्हणून बहर तुकड्या-तुकड्याने. एकदा नीट बघा की आधी फुललेल्या फांद्या कुठल्या दिशेच्या होत्या. दुसरं, तुमच्या न्हाणीचं पाणी सुरंगीच्या मुळाकडे जातं का? माझ्याकडे हेच झालं होतं, माडासाठी काढलेला पाट पुढे फुटून सुरंगीखाली ओल धरायला लागली आणि दोन वर्षं बहर विस्कटला, पाट वळवल्यावर सुधारलं. तुमच्याकडे तसं असेल तर दिवाळीनंतर पाणी दुसरीकडे वळवा. छाटणी नको, खत नको, तिच्या लाकडाला हातच लावायचा नाही, पुढच्या वर्षाची कळी त्याच लाकडावर यायचीये. आणि या वर्षी जेवढी फुलं मिळाली तेवढ्यांचा छोटा वळेसार करून देवाक घाला.

एक वाचक, देवगडजवळच्या गावातून
*ताई, वडिलांनी लावलेली हापूसची दोन कलमं आहेत घरामागे. डिसेंबरात छान मोहोर आला, कैरी वाटाण्याएवढी झाली, मग परत कडक थंडी पडली आणि त्याच फांद्यांना नवा मोहोर फुटला. आता खालची कैरी पिवळी पडून गळतेय. दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या, तिन्ही मारून झाल्या, काही फरक नाही. हे क्लायमेट चेंजमुळे का? आणि पुढच्या वर्षी काय करू?*

हापूसवाल्यांची अशी सात पत्रं आहेत, तुमचं सगळ्यात नीट लिहिलेलं म्हणून घेतलं. याला आपल्याकडे पुनर्मोहोर म्हणतात. फांदीचं टोक हातात घेऊन बघा, पहिल्या मोहोराचा दांडा असेल, त्याला कैऱ्या लटकलेल्या, आणि त्याच्या अगदी बुडाशी, बगलेतून, नवा लालसर-हिरवा तुरा वर येत असेल. तो तुरा वाढायला लागला की फांदीतलं अन्न तिकडे वळतं आणि लहान कैरीचं देठ सुटतं. म्हणजे गळ किडीमुळे नाहीये, म्हणून तर तिन्ही बाटल्या वाया गेल्या. एक विनंती सगळ्यांनाच, कैरी गळताना दिसली की आधी गळलेली कैरी चिरून बघा, आत किडा किंवा काळा डाग नसेल तर दुकानात जायची घाई करू नका, घरच्या दोन कलमांवर कशाला एवढं विष.

हापूसला मोहोरायला थंड रात्री लागतात हे सगळ्यांना माहितीये, पण थंडी एकदाच येऊन टिकायला हवी. थोडी थंडी, मग तीन आठवडे उकाडा, मग परत कडाका, असं झालं की झाड दुसऱ्या थंडीलाही मोहोर देतं. त्याचा नियम तोच आहे, हंगाम दोनदा सुरू झाला तर तो बिचारा दोनदा मोहोरतो. आणि फार थंडीत निघालेल्या मोहोरात नर फुलं जास्त असतात, फळ धरणारी संयुक्त फुलं कमी, म्हणून दुसरा मोहोर दिसायला झाड भरून असतो आणि पदरात चार कैऱ्या पडतात.

पुढच्या वर्षासाठी उपाय आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, पुनर्मोहोर येणाऱ्या कलमांवर जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम फवारायचं, एकदा पुरेसा मोहोर निघाल्यावर आणि दुसऱ्यांदा कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर. ५० पीपीएम म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. ही पावडर नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात, हे न केल्यामुळे अर्ध्या लोकांची फवारणी नुसती टाकीच्या तळाला बसते. यंदा मात्र फवारणीची वेळ गेली. हात पोचेल तिथला नवा तुरा बोटांनी खुडून टाका, दोन कलमांना ते जमतं, शंभर कलमांच्या बागेत नाही जमत. बुंध्याभोवती गवताचं आच्छादन करा आणि कैरी टिकवायला प्रत्येक कलमाला पंधरा दिवसांच्या अंतराने दीड-दोनशे लिटर पाणी तीन-चार वेळा द्या, बुंध्याजवळ नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या जरा आत. आंबा काढायच्या महिनाभर आधी पाणी बंद.

आता क्लायमेटचं. पुनर्मोहोर आपल्या आजोबांनीही पाहिलाय, तो काही नवा नाही. नवीन आहे ते याच्या अलीकडचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळाने कापलेलं भात शेतात भिजवलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण तेव्हाच आंब्याला काय झालं ते कमी लोकांनी पाहिलं. ताणावर बसायच्या वेळी मुळांना पाणी मिळालं आणि कलमांनी मोहोराऐवजी लाल पालवी काढली. ती पालवी जुनी, निबर होईपर्यंत थांबावं लागतं, कोवळ्या काडीला मोहोर येत नाही. म्हणजे मोहोर उशिरा, आणि मोहोरापासून आंबा तयार व्हायला साडेतीन-चार महिने धरा, की झालं, आंबा थेट मे अखेरच्या पावसात. २०२५ ला तर पाऊस २५ मे लाच सिंधुदुर्गात उतरला, नेहमीची तारीख ७ जूनच्या आसपासची. उशिराच्या झाडांवरचा आंबा झाडावरच राहिला कितीतरी जणांचा, आणि ज्यांच्याकडे रातांबे होते त्यांची आमसुलं वाळायची राहिली, तो एक वेगळाच आकांत होता. अरबी समुद्र तापतोय आणि त्यातली वादळं वाढलीयेत हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, तेव्हा तुमच्या घरामागच्या दोन कलमांचा आणि त्या समुद्राचा संबंध आहे, थेट आहे.

आणि हो, मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक अजिबात नको. आंब्याचं परागीकरण बरंचसं माश्यांवर चालतं, साध्या घरमाश्यांवर सुद्धा, म्हणूनच आमच्याकडचे काही जुने बागायतदार मोहोराच्या दिवसांत बागेत मासळीची घाण टांगून ठेवायचे. वास सहन करायचे पण माशी मारायचे नाहीत.

एक वाचक, गुहागर
*आमच्या कोपऱ्यावरचा बहावा सप्टेंबरात थोडा फुलला आणि मग परत जानेवारीत दोन घोस आले. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस असं ऐकलंय. मग मार्चमध्ये पाऊस येणार का? आंबा काढायचाय म्हणून विचारतो.*

नाही, त्या दोन घोसांवर भरवसा ठेवून आंबा लवकर उतरवू नका. बहावा एप्रिलच्या मध्याला भरात येतो, केरळात तर विषूला, म्हणजे १४-१५ एप्रिलला, हेच फूल पूजेला लागतं. तिथून पंचेचाळीस-पन्नास दिवस मोजले की जूनचा पहिला आठवडा येतो, म्हणजे मृग. म्हण बरोबर जमायची कारण दोन्ही गोष्टी आपापल्या वेळेवर यायच्या. बहाव्याला पुढचं काही कळत नाही, तो मागच्या कोरड्या उन्हाला उत्तर देतो, पानं गाळून ताण बसला की फुलतो. सप्टेंबरात मध्येच पाऊस दडी मारून बसला, कडक ऊन पडलं, की एखाद-दोन फांद्या फुलतात. कोपऱ्यावरचं झाड म्हणताय, म्हणजे बाजूला डांबरी रस्ता, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असतील, मुळाशी पाणी मुरतच नसेल, तर हे आणखी जास्त दिसेल. आणि २०२५ ला पाऊस दोन आठवडे आधी आला तेव्हा बहाव्याने काही दोन आठवडे आधी सांगितलं नव्हतं. हवामान खात्याचा अंदाज बघा, बहावा बघायचा तो डोळ्यांच्या सुखासाठी.

एक वाचक भगिनी, चिपळूण
*शेवंती दरवर्षी डिसेंबरात भरून फुलते, या वेळी नुसता पाला. थंडी कमी पडली म्हणून का?*

तुमच्या फोटोत गेटच्या बाहेर नवा एलईडीचा खांब दिसतोय, बरोबर शेवंतीच्या कुंड्यांच्या डोक्यावर. तेच कारण. शेवंतीला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते, रात्रभर दिवा राहिला तर तिच्या लेखी रात्र झालीच नाही. हरितगृहवाले मुद्दाम रात्री बल्ब लावून शेवंती मागे ठेवतात, तुमच्याकडे ते फुकट झालं. कुंड्या घराच्या मागच्या बाजूला न्या. जमिनीत असेल तर ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहाला काळं जाड कापड टाकायचं, सकाळी सात-साडेसातला काढायचं, महिनाभर, एकही रात्र न चुकवता. पॉइनसेटियाचं पण असंच. सगळ्याच गोष्टी हवामानावर ढकलू नयेत एवढ्यासाठी हे पत्र मुद्दाम घेतलं.

एक वहिनी, मालवण
*माटवीला (गणपतीच्या वरच्या चौकटीला) बांधायला हरणं (ती रानफुलं) मिळाली नाहीत आणि गौरीला तेरडा पण धड नव्हता, सगळी कळीच. दोन वर्षांपूर्वी एवढा होता की वाहून टाकला. निसर्ग बदलला म्हणायचं ना हे?*

वहिनी, इथे जरा थांबा. दोन वर्षांपूर्वी म्हणजे २०२३ ना? त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, गणपती १९ सप्टेंबरला बसले. २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे २०२३ पेक्षा तेवीस दिवस आधी. तेरडा पाऊस आणि उन्हावर वाढतो, त्याला तिथी माहीत नाही. तो आपल्या वेळेवरच होता, गणपती लवकर आले. २०२६ ला परत अधिक मास आहे, ज्येष्ठ, गणपती १४ सप्टेंबरला, तेव्हा बघा तेरडा कसा असतो ते.

ही चूक फार जण करतात म्हणून लांबवून सांगतेय. आपण फुलांची आठवण सणाशी बांधून ठेवतो, शिमग्याला सुरंगी, गौरीला तेरडा, दसऱ्याला झेंडू, आणि सण चांद्र महिन्याचे, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक आला की एकदम पुढे जातात. झाडं चालतात सूर्यावर. आपल्या शेतकऱ्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून पेरणीचं बोलणं कधी तिथीत नव्हतं, नक्षत्रात होतं. मृग लागतो ७-८ जूनला, दरवर्षी, कारण ते सूर्याचं नक्षत्र. तेव्हा फूल लवकर की उशिरा हे ठरवायचं तर इंग्रजी तारखेशी ताडा नाहीतर नक्षत्राशी.

(नेरूरच्या आजी, तुमच्या शिमग्यालाही हेच लागू आहे, पण मार्गशीर्ष म्हणजे कसंही मोजलं तरी सुरंगीला लवकरच, तेव्हा तुमचं म्हणणं खरं.)

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी
*बाई, अवेळी फुलणं पूर्वीही होतं. माझ्या लहानपणी एकदा थंडीत मोगरा फुलल्याचं मला आठवतं. आता प्रत्येक फुलाला हवामानबदल चिकटवायची फॅशन आलीये. पुरावा काय?*

सर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि वर दोन उत्तरांत मीही तेच म्हटलंय, दिव्याचा खांब आणि पंचांग. एखादं झाड एखाद्या वर्षी अवेळी फुललं यावरून काही सिद्ध होत नाही. तौक्ते वादळ २०२१ च्या मे मध्ये किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्या जामाची समुद्राकडची अर्धी बाजू खाऱ्या वाऱ्याने करपली, पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली आणि सगळी गळली. मग पावसात त्या अर्ध्याच बाजूला नवी पालवी आली आणि पाठोपाठ फुलं, दुसरी बाजू हिरवीगार आणि गप्प. एकाच झाडाला दोन ऋतू. पण ते त्या एका वादळाचं होतं, त्याच्यावरून मी काही म्हणणार नाही.

पुरावा लागतो तो लांबलचक नोंदींचा, आणि तो आहे. जपानात क्योटोला चेरी कधी भरात आली याच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून सापडतात, दरबारी लोकांच्या रोजनिशींतून. २०२१ ला तिथला बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा, त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा होता, २७ मार्च. ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ साली ४०६ प्रकारच्या वनस्पतींच्या जुन्या नोंदी तपासल्या, १९८६ च्या आधीच्या आणि नंतरच्या, तर पहिलं फूल सरासरी जवळजवळ महिनाभर आधी यायला लागलंय. एका झाडाची लहर नव्हे ही. आपल्याकडचं बघायचं तर हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष, आणि त्याच वर्षीचा ऑक्टोबर सगळ्यात उष्ण ऑक्टोबर. ज्या महिन्यानंतर आपली झाडं थंडीची वाट बघतात तो महिना.

खरी खंत मला वेगळीच आहे सर. कोकणात सुरंगी कधी फुलली, बकुळीचा पहिला सडा कधी पडला, हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. आंब्याचं लिहिलं गेलं कारण त्यात पैसा होता. बाकी सगळं बायकांच्या आठवणीत, आणि ती आठवण सणाशी बांधलेली, म्हणजे वर सांगितलं तसं महिनाभर इकडेतिकडे. तुमच्या लहानपणीचा तो मोगरा कुठल्या साली, कुठल्या महिन्यात फुलला एवढं जरी आठवून कळवलंत तरी मी वहीत लिहून ठेवीन. मनापासून सांगतेय.

एक वाचक, अलिबाग
*मोगरा डिसेंबरात फुलतोय. फुलू द्यावा की कळ्या काढून टाकाव्यात? उन्हाळ्यात बहर कमी येईल का?*

फुलं आली ती घ्या, देवाला वाहा, केसात माळा. पण खत-पाणी घालून त्याला आणखी चढवू नका. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, उबदार हवा आणि ओल मिळत राहिली की तो थांबतच नाही आणि मग ऐन एप्रिलात दमतो. पंधरा दिवस पाणी तोडा, पानं थोडी मलूल होऊ द्या, घाबरू नका. मग छाटणी, साधारण गुडघ्याच्या खाली, उरलेली जुनी पानं काढून टाका, चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि मग पाणी सुरू. जानेवारी संपायच्या आत हे उरका. कुंडीतला असेल तर पाणी इतके दिवस तोडू नका, आठवडा पुरे, आमच्याकडच्या दमट हवेत सुद्धा कुंडी लवकर वाळते.

आठवीतली एक मुलगी, दापोली
*आमच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. आमच्या घराच्या पायरीपाशी मे फ्लॉवरचे कांदे आहेत, आजी म्हणते ते आता एप्रिलमध्येच येतात. मी त्यांची नोंद ठेवू शकते का? कशी ठेवायची?*

बाळा, तुझं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठून घरात सगळ्यांना दाखवून आले. ठेवू शकतेस नाही, ठेवच.

महागडं काही लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय घे, तेच तुझं रजिस्टर, कारण त्यात तारीख, तिथी आणि नक्षत्र तिन्ही असतं. एकच जागा धर, पायरीपाशीचे तेच कांदे, शेजारच्यांचे मध्येच मिसळू नको. किती कांदे आहेत ते आता मोजून ठेव. मग मार्च उजाडला की रोज सकाळी शाळेत जाताना एक नजर टाकायची, आणि त्या त्या तारखेच्या चौकोनात चार गोष्टी लिहायच्या: मातीतून पहिलं टोक वर कधी आलं, पहिला लाल गोळा पूर्ण कधी उघडला, निम्मे कांदे कधी फुलले, आणि शेवटचं फूल कधी सुकलं. नुसतं "फुललं" लिहू नको, पहिलं की निम्मे ते लिही, कारण एखादा घाईचा कांदा सगळीकडे असतो. काही दिसलं नाही त्या दिवशी "नाही" असं लिही, रिकामा चौकोन सोडलास तर तू बघितलंच नाहीस की बघून दिसलं नाही हे नंतर कळत नाही. फोटो काढायचा तर रोज त्याच पायरीवर उभं राहून.

भारतात मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून झाडांच्या अशा नोंदी ठेवायचा सीझनवॉच नावाचा उपक्रम चालतो, त्यात मे फ्लॉवरसारखे कांदे नाहीत, झाडं आहेत, तर शाळेच्या आवारातला एखादा आंबा किंवा बहावा त्यासाठी निवडा आणि बाईंना सांगून वर्गाने मिळून तो सांभाळा, दर आठवड्याला एकदा बघायचं असतं.

आजीला विचारून तिच्या आठवणीतल्या गोष्टी वेगळ्या पानावर लिही, म्हणजे तिच्या लग्नाच्या वर्षी कधी फुलली होती, तुझ्या बाबांच्या जन्माच्या वेळी कधी, असं एखाद्या पक्क्या घटनेला धरून विचार, नुसतं "पूर्वी कधी यायची" असं विचारलंस तर सगळे मे च म्हणतात. आणि घरातलं कुणी पायरी धुताना बादलीभर पाणी त्या कांद्यांवर ओततं का ते आधी बघून घे, ओतत असेल तर ते थांबव किंवा निदान तारखेसह लिहून ठेव. वळवाची पहिली सर कधी पडली ती तारीख तर लाल पेनाने लिही, कारण हे कांदे जमिनीखाली त्याच सरीसाठी थांबलेले असतात.